बाराचा खेळ

परीक्षकांचं आणि माझं पहिलं भांडण झालं ते एका बादलीवरून. कुठल्याशा बक्षीस मिळालेल्या सिनेमात म्हणे एक बाई सात मिनिटं नुसती बादली घेऊन चालते, आणि त्या सात मिनिटांत परीक्षकांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मी म्हटलं, "काका, इथे नऊ माणसं चार-चार तास मशीनला लावून बसलेली असतात. आम्हाला नाही कोणी बक्षीस देत." तोंडाची मी फटकळ आहे, कबूल. पण डायलिसिसच्या कामात माझ्याकडे बोट दाखवायला बारा वर्षांत कोणाला जागा मिळाली नव्हती.

परीक्षक हे आम्हीच ठेवलेलं नाव. माणूस घड्याळं दुरुस्त करणारा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली, दोन्ही किडन्या निकामी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी अकरा ते तीन, खिडकीजवळची चार नंबरची खुर्ची. डाव्या हातातून रक्त बाहेर जायचं, मशीनमधून साफ होऊन परत यायचं, आणि तेवढा वेळ परीक्षकांचं तोंड चालू. शुक्रवारी लागलेला नवा सिनेमा शनिवारी आमच्याकडे निकालात निघायचा. मारामारीचा एक मोठा सिनेमा आला होता, तेव्हा म्हणाले, "हिरो तीस जणांना लोळवतो आणि कॉलरची इस्त्री मोडत नाही. शेवटी आभाराच्या पाटीत इस्त्रीवाल्याचं नाव नाही, हा अन्याय आहे." अख्खा वॉर्ड हसला. मी नाही हसले, मला तो सिनेमा आवडला होता.

बक्षिसांचंही त्यांना कौतुक नव्हतं हो. "आई मरणारी हवी, पोर मुकं हवं आणि चित्र करडं हवं, की झालं बक्षीस," असं म्हणायचे. "बक्षीस मिळालं म्हणून सिनेमा चांगला नसतो सिस्टर. क्वचित एखादा बक्षीस मिळूनही चांगला निघतो. मी त्या एखाद्याच्या मागे असतो."

तसला एखादा त्या आठवड्यात आला. दिवा सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्याचा सिनेमा, परदेशात तीन बक्षिसं मिळालेला. आमच्या इथल्या थिएटरात बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा तीनच दिवस, दुपारी बाराचा एकच खेळ. बुधवारी परीक्षक गेले तर चारच तिकिटं खपलेली. पाचाच्या खाली खेळ होत नाही. रद्द.

बुधवारी दुपारी त्यांचा मला फोन. "सिस्टर, उद्या सुट्टी घेऊ का? शनिवारी येतोच. काल रक्त घेतलं होतं ना, रिपोर्ट बरा आहे का, तेवढं बघून सांगा."

आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच झालं. एका हाताने मी दोन नंबरच्या बाईंचं बीपी घेत होते. दुसऱ्या हाताने फाईल उघडली. वरच्याच कागदावर पोटॅशियम चार पूर्णांक नऊ. छान होतं. मी म्हटलं, "बरा आहे. जा. पाणी मोजून प्या आणि फळाला हात लावू नका." डॉक्टरबाईंना विचारायचा नियम आहे. मी विचारलं नाही. कागदावरची तारीखही बघितली नाही.

गुरुवारी पुन्हा फोन आला. आजही रद्द, तीनच तिकिटं. उद्या शेवटचा दिवस. मी हसले आणि म्हटलं, "मग उद्या बघा, एवढं काय त्यात." चार नंबरची खुर्ची तोवर दुसऱ्या कोणाला दिली होती.

शुक्रवारी दुपारी सव्वाला लॅबचा माणूस त्या आठवड्याचे रिपोर्ट टेबलावर टाकून गेला. परीक्षकांचा सगळ्यात वर. मंगळवारचं पोटॅशियम सहा पूर्णांक आठ. मी फाईल ओढली. बुधवारी मी वाचलेला कागद मागच्या महिन्याचा होता.

पोटॅशियम एवढं वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, मग चुकतात, मग कधीही थांबतात. दुखत नाही, खुपत नाही, माणूस बसल्याजागी जातो. मंगळवारी मशीनने ते उतरलं असणार, पण त्याला तीन दिवस झाले होते आणि मधला गुरुवार मी माझ्या तोंडाने चुकवायला लावला होता. फोन लावला. बंद. बंदच असणार. सिनेमात फोन चालू ठेवणाऱ्याला परीक्षक माणसात धरत नाहीत.

डॉक्टरबाई शेजारच्याच खोलीत होत्या. चार पावलं. मी गेले नाही. गेले असते तर पहिला प्रश्न आला असता, परवानगी कोणी दिली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याचं दुकान चाललं तर चाललं. घर माझ्या पगारावर उभं आहे. तेव्हा हेच डोक्यात आलं, त्याची मला आजही लाज वाटते. वॉर्डातल्या मावशींना म्हटलं, "घरून फोन आलाय, अर्ध्या तासात येते," आणि युनिफॉर्मवरच टॅक्सीत बसले. ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलला इमानदारीने थांबत होता. एरवी अशा माणसाचं मी कौतुक करते. त्या दिवशी त्याला नको नको ते बोलले.

थिएटरात दारावरचा माणूस तिकीट मागायला लागला. मी त्याला बाजूला सारून आत शिरले. आत अंधार, पडद्यावर समुद्र, आणि अख्ख्या हॉलमध्ये तीन डोकी. डावा हात कुणाच्या कोपराला लागू नये म्हणून परीक्षक नेहमी डावीकडच्या कडेची खुर्ची घेतात, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. ते तिथेच होते. दोन्ही हात मांडीवर, ताठ बसलेले.

मी शेजारी बसून मनगट धरलं. नाडी बेचाळीस. आणि मधेच एक ठोका गाळत होती.

"काका, उठा. लगेच."

"श्शू," ते म्हणाले. आवाज कसा जड, जिभेवर काही ठेवल्यासारखा. "वीस मिनिटं राहिलीत."

"तुमचा रिपोर्ट वाईट आहे. उठा म्हणते ना."

"अर्धवट सिनेमा सोडून जाणाऱ्याला मत द्यायचा हक्क नसतो."

माझं डोकंच फिरलं. इथे माझा जीव टांगणीला लागलेला आणि या माणसाला मताची पडली होती. काखेत हात घालून मी त्यांना वर ओढलं. ते उठले नाहीत. उठत नव्हते असं नाही, पायच उठत नव्हते. मी गुडघा दाबला, मांडी दाबली. पोत्यासारखे दोन्ही पाय नुसते पडून होते.

"कधीपासून?"

ते पडद्याकडे बघत राहिले. "मध्यंतरात उठायला गेलो, तेव्हापासून."

"आणि कोणाला हाक नाही मारलीत?"

"तिघंच आहोत आम्ही. दोन जास्तीची तिकिटं मी काढली, तेव्हा कुठे खेळ लागला. हाक मारली असती तर थिएटरवाल्यांनी बंद केला असता." मग हळू आवाजात म्हणाले, "भीती वाटली सिस्टर. पण सिनेमा फार चांगला आहे हो."

मी उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा घसा फोडून ओरडले. दिवे लावा, माणूस मरतोय इथे. पुढच्या दोन डोक्यांनी वळून बघितलं. पडदा विझला, दिवे लागले. त्या उजेडात परीक्षकांचा चेहरा पांढराफटक दिसला. तिथूनच मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, आणि मग डॉक्टरबाईंना. रिपोर्टचा आकडा सांगितला, नाडी सांगितली. बाकीचं सांगितलं नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची अकरा मिनिटं मी त्यांचं मनगट सोडलं नाही. एकदा दोन ठोक्यांमध्ये एवढा वेळ गेला की मी मोठ्याने म्हटलं, चला ना हो काका.

आमच्या डायलिसिस केंद्रावर पोचलो तेव्हा डॉक्टरबाई इंजेक्शन भरून उभ्याच होत्या. हृदयाचा आलेख काढला, इंजेक्शन दिलं, मी सुया लावल्या, मशीन सुरू झालं. पहिल्या तासात नाडी पन्नासवर आली, दुसऱ्यात चौसष्टवर. परीक्षकांनी पायाचा अंगठा हलवून दाखवला. मावशींनी पदराने डोळे टिपले. मी अजून घाबरलेलीच होते, कारण डॉक्टरबाईंनी फाईल हातात घेतली होती.

"गुरुवार का चुकवलात?" त्यांनी परीक्षकांना विचारलं. "आमच्यापैकी कोणी हो म्हटलं होतं का?"

मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होते.

"कोणी नाही," परीक्षक म्हणाले. "मी विचारलंच नाही. सिनेमा होता."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि पेन उघडलं. आमच्याकडे नियम आहे. 'रुग्णाने स्वतःहून उपचार चुकवला' असा शेरा दोनदा पडला की ठरलेली खुर्ची जाते आणि यादीतल्या पुढच्याला मिळते. यादीत एकेचाळीस माणसं आहेत. परीक्षकांच्या नावावर एक शेरा आधीचाच होता, मागच्या वर्षी सिनेमांचा महोत्सव होता तेव्हाचा. दुसरा पडला तर हा माणूस कुठे जाणार, किती दिवस काढणार, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

डॉक्टरबाईंनी तारीख लिहिली.

"मॅडम, थांबा," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं. मी मागच्या महिन्याचा कागद बघून हो म्हटलं. तुम्हाला सांगितलं नाही. आज दुपारी कळलं तेव्हाही नाही सांगितलं, आधी एकटी पळाले."

नऊच्या नऊ खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टरबाईंनी पेन बंद केलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे सगळं तुमच्या हाताने लिहून द्या. मशीन संपेपर्यंत थांबा. उद्यापासून मी कळवेपर्यंत येऊ नका." आणि आत गेल्या.

मग परीक्षक भडकले. चार वर्षांत त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला?"

"तुमची खुर्ची गेली असती काका."

"माझी खुर्ची." रागाने त्यांनी हात उचलला, तो मी दाबून धरला, सुई निघाली असती. "मी किती दिवस बसणार आहे हो तिच्यावर? वर्ष? दोन वर्षं? तुम्हाला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय. घरी म्हातारी पडून आहे तुमच्या. मी हिशोब करूनच बोललो होतो. एक काम धड करायला निघालो होतो, तेही करू दिलं नाहीत."

मग मलाही आवरलं नाही. "कोण तुम्ही हिशोब करणारे? किती दिवस बसायचं ते हे मशीन ठरवेल, डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही ठरवायचं. आणि माझ्या नोकरीसाठी मरायचं तर मुळीच नाही ठरवायचं. उद्या अकराला यायचं. मी असेन, नसेन. यायचं म्हणजे यायचं." एवढं बोलले आणि सगळ्यांदेखत मला रडू फुटलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

शनिवारी मी घरीच होते. सासूबाईंचे केस विंचरत होते, पण कान फोनकडे. सव्वादहाला मावशींचा फोन आला.

"आलेत," मावशी म्हणाल्या. "पाऊण तास आधीच. वजन केलं, बीपी झालं."

"काही बोलले? सिनेमाचं वगैरे?"

"नाही गं बाई. काही नाही. हात पुढे करून गप्प बसलेत खुर्चीत."