ढब्बूच्या मिशा

हृदयाचं ऑपरेशन होऊन शिंपीणबाई घरी आल्या, तेव्हापासून नवऱ्याने त्यांच्याशी एकदाही भांडण काढलं नव्हतं. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस, चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा. आता मांजराच्या पावलांनी वावरत होता. बायकोला धक्का बसायला नको, म्हणे! या गोडव्याने बाईंचा जीव अगदी विटून गेला होता.

त्यांचं मन रमावं म्हणून त्याने जाड पुठ्ठ्याला चाकं बसवून एक छोटा रोबो केला. नाव ढब्बू. त्याला अडथळा कळावा म्हणून बाईंनी मिशा केल्या: केसांचे दोन आकडे सरळ केले, प्रत्येकाच्या मुळाशी टिचबटणाचा एक भाग बसवला, समोर दुसरा. मिशीला धक्का लागला की दोन्ही भाग एकमेकांना टेकायचे आणि वीज वाहायची. डावी मिशी टेकली तर ढब्बूने उजवीकडे वळायचं, उजवी टेकली तर डावीकडे. वायरीही बाईंनीच जोडल्या आणि सुईदोऱ्याने पुठ्ठ्याला टाचून टाकल्या, ढब्बूला पालथा घालून.

"सोडा आता," बाई म्हणाल्या.

ढब्बू निघाला तो थेट कपाटाकडे. डावी मिशी टेकली, आणि पठ्ठ्या डावीकडेच वळून कपाटाला भिडला. मागे येईना, पुढे जाईना, नुसता ढुशा मारत राहिला.

"छान! पहिल्या खेपेला एवढं म्हणजे खूपच झालं," नवरा म्हणाला.

बाईंनी ढब्बूला उचलून उलटा केला आणि कपाळावर हात मारला. कापड उलट्या बाजूने शिवायची जन्माची सवय! पालथ्या ढब्बूची डावी बाजू म्हणजे सुलट्या ढब्बूची उजवी.

"अहो, मी जोडत होते तेव्हा तुम्ही शेजारीच होतात. दिसलं नाही तुम्हाला?"

तो चष्मा पुसू लागला.

"दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं. पण म्हटलं, तुला कशाला उगाच..."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "डॉक्टरांनी मला कधीच घरी पाठवलंय. तुम्हीच अजून दवाखान्यात ठेवलंय. चुकलं तर चुकलं म्हणा की!"

त्याने ढब्बूला त्यांच्या हातून घेतलं. मग चष्मा वर सरकवून त्याने घसा खाकरला.

"वायरी उलट्या आहेत. आणि हे टाके? पोत्याला घालतात तसले! लिफ्टमध्ये असलं काम केलं असतंस, तर माणसं अधांतरी लटकली असती!"

"तुमच्या लिफ्ट काय कमी अडकायच्या?" बाई कडाडल्या.

मग दोघांची चांगलीच जुंपली. "सरक तिकडे, मी करतो," म्हणत त्याने कोपराने त्यांना चक्क ढकललं. कितीतरी दिवसांनी असा धक्का बसला होता. बाईंना इतकं बरं वाटलं, की त्या मुद्दामच सरकल्या नाहीत.