वैशाखातलं गार अंग

जळगावात पारा चव्वेचाळीसवर गेला होता. त्या आठवड्यात दवाखान्यात आलेला प्रत्येक बेशुद्ध माणूस उन्हानेच पडलेला, असं सगळे धरून चालले होते. यावलच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून आणलेल्या दिवालीबाईंच्या चिठ्ठीवरही उष्माघातच लिहिलेला होता. लेक ज्योत्स्ना वाटभर आईच्या कपाळावर ओला पंचा धरून बसली होती.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर हेमांगींनी पंचा बाजूला केला, कपाळावर हात ठेवला आणि त्या थबकल्या. अंग गार होतं. थर्मामीटर ब्याण्णवच्या पुढे सरकेना.

हाका मारल्या, छातीच्या हाडावर दाबून पाहिलं. दिवालीबाई नुसत्या कण्हल्या. रक्तातली साखर ठीक होती. मेंदूच्या स्कॅनमध्येही काही निघालं नाही. नाडी मात्र जेमतेम चाळीस.

"ताई, ह्या कधीपासून अशा आहेत?"

"कालपासून उठली नाही, मॅडम. पन चार-पाच महिने झाले, जडच झाली शे ती. बोलणं हळू, चालणं हळू. आम्ही म्हटलं, वय झालं."

हेमांगींनी छोटा हातोडा घेतला आणि टाचेवरच्या शिरेवर हलकेच मारला. पाऊल झटक्यात खाली गेलं. परत वर येताना मात्र ते इतकं सावकाश आलं, जणू पाण्यातून येत होतं. ज्योत्स्ना बघतच राहिली. हेमांगीही. पुस्तकात वाचलेली ही खूण त्या पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होत्या. त्यांनी घाईने दिवालीबाईंची हनुवटी वर केली. गळ्याच्या सुरकुत्यांत एक जुना आडवा व्रण होता.

"हे कशाचं ऑपरेशन?"

"गाठ होती. मी लहान असताना धुळ्याला काढली. रोज एक गोळी घ्यायची ती. दिवाळीपासून बंद केली. म्हने, गाठ गई, मंग गोळी कसाले?"

"गाठीबरोबर थायरॉईडची ग्रंथीही गेली असणार," हेमांगी म्हणाल्या. "शरीराला चालतं ठेवणारा रस तिच्यात तयार होतो. गोळी त्याच्या जागी होती. ती थांबली आणि एकेक अवयव मंदावत गेला. शेवटी मेंदूसुद्धा."

"एवढीशी गोळी, मॅडम?"

"एवढीशीच."

रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याची वाट न पाहता त्यांनी आधी एक इंजेक्शन दिलं, मग नाकातल्या नळीतून औषध सुरू केलं आणि भर वैशाखात दोन ब्लँकेटं पांघरली. रिपोर्टनेही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी नाडी साठवर आली. चौथ्या दिवशी सकाळी दिवालीबाईंनी डोळे उघडले.

"माय, वळखस का माले?"

ओठ हलले. बऱ्याच वेळाने, खोल घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "ज्योत्स्ना."

हेमांगी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन पुन्हा नाडी मोजली.

नवव्या दिवशी साध्या वॉर्डात चहा फिका आला म्हणून दिवालीबाई वाढणाऱ्या बाईवर खणखणीत ओरडल्या. सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. ज्योत्स्ना पदर तोंडाला लावून रडत होती. ज्याला घरातले सगळे म्हातारपण म्हणत होते, त्याच्या आत तिची माय इतके महिने जिवंत होती.