घराण्यात कोणाला झटके?

खोटं बोलणं मला कधी जड गेलं नाही. पिंप्राळ्यात पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं माझं दुकान आहे, ‘उद्या देतो’ असं दिवसातून दहा वेळा म्हणावं लागतं. म्हणून फॉर्म भरताना डॉक्टरबाईंनी विचारलं, “घराण्यात कोणाला झटके?” तेव्हा बहिणीच्या आधी मीच उत्तर दिलं.

“नाही. कोणालाच नाही.”

सारिकाने मान खाली घातली. तिच्या मांडीवर तिचा मुलगा होता, माझा भाचा नवीन. चार वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता, दिवसातून पाच-सहा झटके येत होते. मेंदूवर वळ्या असतात ना, त्याच्या मेंदूवर त्या नव्हत्याच. एमआरआयच्या फोटोत सगळं सपाट. हे कशामुळे झालं ते शोधायला त्याचं आणि आईबापाचं रक्त लॅबला जाणार होतं. तिथे जनुकं अक्षर न् अक्षर वाचतात म्हणे.

खरं सांगायचं तर सारिकाला नवव्या वर्षापासून झटके यायचे. आमच्या आईलाही यायचे. धुळ्याकडच्या प्रेमराजशी सारिकाचं लग्न मीच जुळवलं आणि गोळ्या बांगड्यांच्या डब्यात लपवायला मीच शिकवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे तिची सासू सुंदरबाई सुनेवर इतकी खूश झाली, की आमच्या धाकट्या पुनमला तिने बोदवडच्या आपल्या भाच्यासाठी मागून घेतलं. एक गोष्ट फुटली की दोन्ही बहिणी माहेरी. त्यात पुनमला नुकतेच दिवस गेलेले. अशा वेळी कोण शहाणा तोंड उघडेल?

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. त्याच केबिनमध्ये आम्ही पुन्हा दाटीवाटीने बसलो. सुंदरबाईही आली होती.

“एका जनुकात बदल सापडलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तो आईकडून आलाय. पण आजार त्यानेच झाला, असं लॅब ठामपणे म्हणत नाही.”

“का बरं?” प्रेमराजने विचारलं.

“या जनुकात खरंच दोष असेल, तर बहुतेक वेळा आईलाही झटके येतात. इथे तर ‘नाही’ लिहिलंय.” त्यांनी सारिकाकडे पाहिलं. “कधीच नाही? लहानपणीसुद्धा?”

“नाही हो,” मी म्हणालो.

“मी त्यांना विचारतेय.”

मी सारिकाकडे डोळे वटारून बघत होतो. तेवढ्यात नवीनचे हात ताठ झाले, डोळे वर गेले. सारिकाने त्याला कुशीवर धरलं आणि झटका ओसरेपर्यंत तशीच बसली. मग त्याचं तोंड पुसत ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, “भाऊ, आते पुरे. डॉक्टरबाई, माले येतस झटका. ल्हानपनपाइन. आते बी चोरीसन गोया खास मी.”

चोरून गोळ्या खाणाऱ्या बायकोकडे प्रेमराज बघतच राहिला. सुंदरबाई ताडकन उठली.

“फसाडं तुम्ही आमले! चार वरीस मी ह्या पोरसाठे नवस करस, आनि तुमले बठ्ठं माहित व्हतं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाई मात्र भराभर लिहीत होत्या.

“आता जुळतंय. सारिकाताईंचा एमआरआय करू, म्हणजे नक्की होईल. आणि आजी, यात सुनेचा काही गुन्हा नाही.”

“पोर बरं व्हई का?”

“बरा नाही होणार. पण औषध नीट ठरवता येईल.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुमच्या आईला यायचे का?”

आता लपवून काय उपयोग? मी मानेनेच ‘हो’ म्हटलं.

“आणखी बहीण आहे?”

“एक आहे. पण तिला कधीच झटका आला नाही.” हे मात्र खरं होतं.

“झटके न येताही दोष असू शकतो. मुलगा झाला तर त्याला नवीनसारखं होऊ शकतं.”

म्हणजे मला दोष असता तर मीही असाच कुणाच्या तरी मांडीवर पडून राहिलो असतो. खोटं बोलायला धडधाकट राहिलो तो मी एकटाच.

“पाचवा महिना शे तिले,” सुंदरबाई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “पाचवा? मग त्यांचं रक्त आजच पाठवायला हवं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर तीन महिने हातात होते. आता घाई करूनही बाळाबद्दल निर्णय घेता येईल अशा वेळेत उत्तर येईल का, मला सांगता येणार नाही.”

जिचा संसार मोडू नये म्हणून मी खोटं बोललो, तिचेच तीन महिने मी खाऊन बसलो होतो. माझी मलाच किळस आली.

सुंदरबाईने बोदवडचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला. “तूच बोलना व्हता ना, नही म्हनीसन? आते तूच सांग.”

“भाऊ!” पुनमचा आवाज आला. मागे कुणीतरी हसत होतं. “नवीनना रिपोर्ट ऊना का? काय सापडनं?”

केबिनमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते.

“पुनम,” मी म्हणालो, “मी खोटं बोलनू.”