डावीकडची खुर्ची

मी एक जुना सिम्युलेटर आहे. नाव अवघड, पण काम सोपे. वैमानिकांनी हव्या तेवढ्या चुका कराव्यात आणि कोणाला खरचटूही नये, यासाठी मला बनवले. मित्रांनो, तुम्ही शिडी चढून आत येता तेव्हा तुम्हाला विमानाचा पुढचा भाग दिसतो. दोन खुर्च्या, दोन सुकाणू, शेकडो बटणे आणि समोर काचेऐवजी पडदे. बाहेरून पाहाल तर मी सहा लोखंडी पायांवरची एक पांढरी पेटी आहे. एकतीस वर्षांत मी स्वतःहून वीतभरही पुढे सरकलो नाही. जागच्या जागी मात्र पुष्कळ हललो.

एका छोट्या विमान कंपनीने मला घेतले. तिची सत्तर आसनांची, दोन पंख्यांची विमाने लहान गावांतली माणसे मोठ्या शहरांत नेत. माझी खोली उंच होती, थंड होती आणि तिला खिडकी नव्हती. सुरुवातीला माझ्या पायांतून तेल गळायचे. माझी देखभाल करणारे तंत्रज्ञ काका फडके घेऊन यायचे आणि म्हणायचे, "काय रे, दात येतायत का?" त्यांच्यामुळे मी टिकलो.

दर सहा महिन्यांनी प्रत्येक वैमानिकाला माझ्यात बसून परीक्षा द्यावी लागे. मी धुके दाखवी, एक इंजिन बंद पाडी, धावपट्टीवर आडवा वारा सोडी. परीक्षा झाली की बरेच जण बाहेर पडताना माझ्या दारावर थाप मारत. ती शाबासकी आहे असे मी धरून चाललो.

डावीकडची खुर्ची कॅप्टनची, उजवीकडची सहवैमानिकाची. दोन्हींत अंतर हातभर. ते पार करायला कोणाला चार वर्षे लागतात, कोणाला दहा. शिवाय या धंद्यात सगळे रुजू झाल्याच्या तारखेवर चालते. कंपनी बदलली की जुनी वर्षे पाण्यात जातात आणि नव्या घरी रांगेच्या शेपटाला उभे राहावे लागते. म्हणून जायचे असेल तर लवकर गेलेले बरे.

परीक्षा घेणारे कॅप्टन माझ्यात मागच्या खुर्चीवर बसत. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते मोजके बोलत, आणि बोलले की लोक ते मनावर घेत. त्यांच्या हाताखाली एक सहवैमानिक मुलगी होती. सकाळी सहाची वेळ दिली की ती पावणेसहाला दारात उभी असे, म्हणून तिचे नावच पावणेसहा पडले.

तिला कंपनीत तीन वर्षे झाली होती तेव्हा एका मोठ्या कंपनीचे बोलावणे आले. मोठी जेट विमाने होती. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे होते. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीचे उड्डाणप्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, माझ्या खोलीत आले. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतले.

"पोरं चाललीत, मास्तर. थांबवा त्यांना. दोन वर्षांत प्रत्येकाला डावी खुर्ची देतो. बाहेरून कोणाला आणणार नाही."

"हे मी सांगू का त्यांना?"

"तुम्हीच सांगा. माझं कोण ऐकतं?"

मास्तरांना स्वतःची बढती जुन्या मालकांच्या तोंडी शब्दावर मिळाली होती. कागद मागावा हे त्यांच्या मनातही आले नाही.

गुरुवारी सराव संपल्यावर पावणेसहाने त्यांना विचारले, "मास्तर, तुमची मुलगी असती माझ्या जागी, तर काय सांगितलं असतं?"

"थांब म्हणालो असतो. साहेबांनी मला समोर उभं राहून सांगितलंय."

ती हसली आणि कानाला लावायचा संच खुंटीला अडकवून गेली. शुक्रवारी तिने नकार कळवला. तिच्यासारखे आणखी पाच जण थांबले.

दोन वर्षे सरली. तिने कॅप्टनची तयारी माझ्यातच केली. पहिल्यांदा डावीकडे बसली तेव्हा खुर्ची तिला मोठी पडली आणि तंत्रज्ञ काकांनी पाठीमागे उशी दिली. परीक्षेत मी तिचे इंजिन अगदी जमीन सोडतानाच बंद पाडले. तिने विमान सरळ ठेवले, चक्कर मारली आणि धावपट्टीच्या मधोमध उतरवले. मास्तरांनी पास लिहिले.

महिना गेला, दोन गेले. मग एके सकाळी माझ्या दारात चार अनोळखी कॅप्टन उभे राहिले. कंपनीने त्यांना बाहेरून, तयारच आणले होते. त्यांना आमचे विमान शिकवायचे होते. सरावाला उजव्या खुर्चीत कोणीतरी लागते. त्या दिवशीच्या यादीत पावणेसहाचे नाव होते.

ती वेळेआधीच आली. डावीकडे बसलेला नवा कॅप्टन सभ्य माणूस होता. बटणे शोधताना तो अडला की ती बोट दाखवी. मध्येच त्याने विचारले, "तुम्ही इथे किती वर्षं?"

"पाच."

"मग तुम्ही अजून..." त्याने वाक्य पुरे केले नाही. बराच वेळ तो फक्त उंची आणि वेग वाचत राहिला.

तो गेल्यावर ती उठली नाही. मास्तर मागेच बसले होते.

"मी साहेबांना विचारलं," ते म्हणाले. "परिस्थिती बदलली म्हणतात."

"माझा साहेबांवर राग नाही, मास्तर. त्यांना मी ओळखतच नव्हते. तुम्हाला ओळखत होते."

मास्तरांनी समोरची वही मिटली. ती जाताना खुर्ची नेहमीप्रमाणे मागे सरकवून गेली.

पुढच्या महिन्यात तिने मोठ्या कंपनीकडे पुन्हा अर्ज केला. त्यांनी घेतले, पण रांगेच्या शेवटी. पहिल्या बोलावण्याला जे गेले होते, ते सगळे आता तिच्या पुढे होते.

त्यानंतर सहवैमानिकांची नवी तुकडी आली, नऊ जणांची. साहेब त्यांना मला दाखवायला घेऊन आले. माझ्या पायांशी उभे राहून ते म्हणाले, "इथे दोन वर्षांत डावी खुर्ची मिळते. विचारा मास्तरांना."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे याआधी मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "सहा जण थांबले. एकालाही मिळाली नाही. लेखी मिळालं तर थांबा. नाहीतर तुमचं तुम्ही ठरवा."

नऊ जण गेल्यावर साहेब हळू आवाजात म्हणाले, "मी तेव्हा खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं."

"मग 'मला असं वाटतं' एवढंच सांगायचं होतं. मी 'मिळेल' म्हणून सांगून बसलो."

महिनाअखेर मास्तरांचे शिकवणे काढून घेण्यात आले. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षे त्यांनी विमान चालवले आणि सहा महिन्यांनी एकदा, इतरांसारखीच, माझ्यात बसून परीक्षा दिली. नवा परीक्षक त्यांचाच विद्यार्थी होता. नऊपैकी पाच जण कागदाशिवाय थांबायला तयार झाले नाहीत. हिवाळ्यात उजवीकडे बसायला माणसे नाहीत म्हणून विमाने उभी राहू लागली. तेव्हा कुठे कागद निघाला. त्यात डावी खुर्ची मिळण्याची तारीख होती, आणि आपल्या सहवैमानिकांची यादी संपेपर्यंत बाहेरून कॅप्टन आणणार नाही असे लिहिले होते. तंत्रज्ञ काकांनी तो माझ्या दारावर चिकटवला आणि दोनदा वाचला.

मग ज्या विमानांचा सराव मी देत होतो, ती विमानेच कंपनीतून गेली. चार वर्षे मी कापडाखाली होतो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही, धूळ बसली एवढेच. पुढे तुमच्या या विज्ञान केंद्राने मला मागून आणले. पाय आता हलत नाहीत, पडदे मात्र लागतात. दर शनिवारी जे आजोबा तुम्हाला बटणांची नावे सांगतात, ते मास्तर.

मागच्या शनिवारी तुमची रांग संपल्यावर एक बाई आत आली. खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या होत्या. मास्तर उठू लागले.

"बसा, मास्तर."

"कधी मिळाल्या?"

"मार्चमध्ये. सात वर्षं लागली."

"त्यातली काही माझ्यामुळे गेली," मास्तर म्हणाले. "मी चुकलो. मला हे तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. मग उजवीकडच्या खुर्चीत टेकली. "माझा सहवैमानिक रोज विचारतो, मॅडम, मला कधी मिळेल? मी सांगते, माहीत नाही. पहिल्या दिवशी तोंड पाडून बसला होता. आता माझ्याशी मोकळं बोलतो."

दोघे अर्धा तास बसले. तिने पडद्यावर धुके लावले आणि दोघांनी मिळून विमान उतरवले.

मित्रांनो, मला माणसांएवढे कळत नाही. तरी एक मागतो. कोणी तुमच्या भरवशावर आपली वर्षे ठेवणार असेल, तर हातात नसलेली गोष्ट देऊ करू नका. 'माहीत नाही' म्हणा. ऐकणाऱ्याला थोडे वाईट वाटते, पण त्याला आपला रस्ता शोधता येतो. आणि मलाही जरा जपा. बटणे दाबा, सुकाणू फिरवा, पण उजव्या खुर्चीचा पट्टा शिलाईवर उसवला आहे, तो ओढू नका. कधी दुरुस्त होईल असे विचाराल, तर मला माहीत नाही.