रिकाम्या गावात आलेला माझा जुळा भाऊ

मित्रांनो, मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. खरे तर 'आहे' म्हणताना मी जरा अडखळतो, कारण माझा आता एक लांबट तुकडाच उरला आहे. एका तुकड्याने आपले आयुष्य सांगावे की नाही, याची मला खात्री नाही. मी कुठली लढाई पाहिलेली नाही की कुठल्या थोर माणसाच्या खिशात राहिलेलो नाही. तरी सांगतो. कंटाळा आला तर खुशाल उठा, मला वाईट वाटणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या शहरात, ते मला कोणी सांगितले नाही. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून मला कापले, अंगावर सोनेरी चिप बसवली आणि एका यंत्राने खालून दाब देऊन अक्षरे उठवली. तेव्हा दुखले खरे, पण मागाहून कळले की मला नाव मिळाले आहे : लुईझा फर्नांडिस.

हे नाव कोणाचे, ते टपालातून सिंधुदुर्गातल्या आचरा गावी पोचल्यावर समजले. लुईझाबाय शिवणकाम करीत. नवरा वारलेला, मुलगा केव्हिन गोव्यात हॉटेलात कामाला. त्यानेच हट्ट करून मला मागवले होते. लुईझाबायनी मला उलटसुलट पाहिले, उठलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "नाव बरा उठलाहा. धुतल्यार जावचा नाय."

त्यांच्या पर्समध्ये कात्री, दोऱ्याची रिळे आणि मदर मेरीचे छोटे पदक यांच्या शेजारी मला जागा मिळाली. माझे पहिले काम म्हणजे शिलाई मशीनची मोटर आणणे. पायाने मशीन चालवून त्यांचे गुडघे दुखत असत. मोटर आली आणि दुखणे कमी झाले. त्यानंतर मी अस्तरे आणली, बटणे आणली, एकदा केव्हिनला वाढदिवसाचे बूट आणले. मोठी कामे नव्हेत ही. पण सावंतवाडीच्या दुकानात मला यंत्रात घातले की ते लगेच 'टिक' करी आणि लुईझाबाय दुकानदाराकडे अशा पाहत, जणू माझी परीक्षा होती आणि मी पहिला आलो.

आता आमच्या गावपळणीबद्दल सांगायला हवे. काही वर्षांतून एकदा आमच्या ग्रामदेवाचा, रामेश्वराचा कौल होतो आणि सगळा गाव घरे बंद करून वेशीबाहेर जातो. माणसे जातात, गुरे जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरे, सगळी जातात. तीन दिवस, तीन रात्री आचऱ्यात चूल पेटत नाही. माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि जत्रेसारखी मजा असते. हिंदू जातात, मुसलमान जातात, ख्रिस्तीही जातात.

गेल्या गावपळणीआधी एक माणूस आमच्या दारात आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"मावशी, गावपळणीत बंद राहणाऱ्या घरांची नोंदणी चालू आहे. पोलीस गस्त घालणार आहेत."

"बरा केलास रे पुता!" लुईझाबाय म्हणाल्या. "उन्हातून इलंस, बस. चाय घे."

चहाबरोबर नाताळसाठी केलेल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्याही आल्या. त्याने आधार कार्डाचा फोटो काढला. मग विचारले, "घरात मौल्यवान काय काय आहे?" लुईझाबायनी शिलाई मशीन दाखवले आणि पर्समधून मला काढून टेबलावर ठेवले. मित्रांनो, मला मौल्यवान म्हटल्यावर मी इतका फुगलो, की त्याने पुढूनमागून माझे फोटो काढले तेव्हा दोन्ही बाजूंनी हसलो. मग तो म्हणाला, "तुमच्या फोनवर नंबर येईल. नोंद पक्की झाल्याचा." नंबर आला. लुईझाबायनी तो मोठ्याने वाचला. त्याला नीट ऐकू आला नसेल म्हणून पुन्हा वाचला. जाताना त्याने कधी निघणार तेही विचारले आणि त्यांनी सांगितले. वर वाटेसाठी चार नेवऱ्या कागदात बांधून दिल्या.

गावपळण छान झाली. केव्हिन गोव्याहून आला होता. संध्याकाळी झोपडीसमोर बसून तो गिटार वाजवी. शेजारीण मथुरा म्हणे, "वाजव रे, वाजव. कोल्हे लांब रवतत." आणि सगळे हसत.

गावात परतल्यावर महिन्याभराने आम्ही अस्तर आणायला सावंतवाडीला गेलो. दुकानदाराने मला यंत्रात घातले. यंत्राने 'टिक' केले नाही. त्याने मला पुसून पुन्हा घातले. "बाई, हे कार्ड चालत नाही. बंद केलेलं दिसतंय." मागे गिऱ्हाइके उभी होती. लुईझाबायनी अस्तराचा तागा हळूच परत ठेवला.

मी कधीच बंद पडलो होतो आणि मलाच ते माहीत नव्हते.

खरा प्रकार बँकेत कळला. तिथले साहेब अनिश म्हणून होते, तरुण, नागपूरकडून नुकतेच बदलून आलेले. संगणकात पाहून ते म्हणाले, "तुम्हीच कळवलंत की कार्ड हरवलं. फोनवर आलेला नंबर देऊन तुमचा फोन नंबरही बदललात. मग आम्ही नवं कार्ड पाठवलं. त्यावर दोन महागडे फोन आणि एक मोठा टीव्ही घेतलाय."

"साहेब, मी नाही घेतलं. माझं कार्ड हे काय, इथं आहे."

"ते जुनं. नवं तुमच्याच दारात पोचवलंय, तुमच्याच घरच्या माणसानं घेतलंय. आता नाही म्हणून कसं चालेल?"

म्हणजे माझा एक जुळा भाऊ होता! तेच नाव, तशीच उठलेली अक्षरे. तो कुठेतरी टीव्ही घेत फिरत होता आणि मी खरा असून टेबलावर खोटा पडलो होतो. लुईझाबायनी मला उचलले आणि काही न विचारता बाहेर पडल्या.

मग त्यांच्या जुन्या नंबरावर वसुलीचे फोन सुरू झाले. एक जण म्हणाला, "बाई, गावात कळलं तर तुमचं नाव काय राहील?" पैशापेक्षा ते त्यांना जास्त लागले. आचऱ्यातल्या बायका लग्नातली रेशमे त्यांच्याकडे बिनधास्त टाकून जातात, ती कशाच्या भरवशावर? लुईझाबायचे नाव, एवढ्याच भरवशावर. म्हणून त्यांनी कोणालाही सांगितले नाही, केव्हिनलासुद्धा नाही.

पण शिलाईला काही लपवता येत नाही. एका सकाळी मथुरा नवा ब्लाउज घेऊन दारात उभी राहिली.

"लुईझाबाय, माका दोनय हात डावे आसत काय गो?"

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच बेतल्या गेल्या होत्या. लुईझाबाय हसायला गेल्या आणि रडल्या. मग सगळे बाहेर आले. मथुराने ऐकून घेतले आणि विचारले, "ता दुसरा कार्ड घरात कधी दिल्यानी?"

"मी इचारूक नाय."

"मगे चल, इचारूया. बाळाक टेंपो काढूक सांगतंय."

बाळाच्या टेंपोत दोघी बसल्या. वाटेत ज्याने ज्याने विचारले तोही चढला. बँकेच्या दारात टेंपो थांबला तेव्हा त्यातून इतकी माणसे उतरली, की रखवालदार खुर्चीवरून उठला.

अनिशसाहेबांनी संगणकात पाहून तारीख सांगितली.

मग मथुरा जी हसत सुटली, तिला थांबवता येईना. "त्या दिवशी? अरे बाबा, त्या दिवशी आचऱ्यात कोंबडो पण नव्हतो!"

"म्हणजे शेजारीपाजारी बाहेर गेले होते?"

"शेजारी न्हय रे, गाव! गावपळण होती!"

साहेबांना ते पटेना. "पण एखादा तरी घरी राहिला असेल. आजारी, म्हातारं कोणी?"

"माझी सासू खाटीसकट गेली," मथुरा म्हणाली.

"माझ्याच टेंपोतून," बाळा मागून बोलला. "गाडी हळू चालव म्हणान वाटभर माका गाळी घालीत होती."

लुईझाबाय पुढे झाल्या. ऑफिसात बोलायची मराठी त्या जपून बोलत असत. "साहेब, मी ख्रिस्ती आहे. तरी मीसुद्धा घर बंद करून गेले होते." आणि मग ती मराठी सुटलीच. "देव त्यांचो आसात, पण गाव माझो आसा. माझ्या दारात त्या दिवशी माझो कोण माणूस उभो रवतलो?"

अनिशसाहेबांनी पाकिटे पोचवणाऱ्या कचेरीला तिथल्या तिथे फोन लावला आणि पोचवणाऱ्याचे बोलणे सगळ्यांना ऐकवले. पोचवणारा त्या भागात नवा होता. त्याला तो दिवस चांगला आठवत होता, कारण एवढे सामसूम गाव त्याने कधी पाहिले नव्हते. एका घराच्या पायरीवर तेवढा एक माणूस होता, गळ्यात ओळखपत्र असलेला. "मी बाईंचा मुलगा," असे तो म्हणाला होता.

"केव्हिन?" टेंपोतली सगळी माणसे एकदम ओरडली. "तो तर माळावर गिटार वाजवीत होतो!"

"बेसूर," मथुराने भर घातली. "सगळो गाव साक्षीक आसा."

त्या माणसाने गाव रिकामे असेल याचा नेमका हिशेब केला होता. पण रिकाम्या गावात दार उघडायला घरचे कोणी नसते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. पुढे तो पोलिसांना सापडला, तेव्हा त्याच्या खिशात माझा जुळा भाऊ होता. त्याला परत कारखान्यात पाठवले की आणखी कुठे, मला कळले नाही. खरे सांगू, मला त्याची थोडी दया आली. त्याच्यावर नाव चांगले होते, पण संगत वाईट मिळाली.

बँकेने खरेदी रद्द केली. "मावशी, मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं," अनिशसाहेब म्हणाले.

"पुढच्या गावपळणीक ये," लुईझाबाय म्हणाल्या. "म्हणजे समाजतला. आणि नंबर मी वाचून दाखवलंय, ती चूक माझीच. दोन खेपे वाचलंय!"

नियमाप्रमाणे मला कापायचे होते. साहेबांनी कात्री शोधायला खण उघडला, पण शिंपिणीच्या पर्समध्ये कात्री असतेच. लुईझाबायनी माझी चिप कापली, आकड्यांची ओळ कापून तिचे बारीक तुकडे केले. नावाची पट्टी मात्र अखंड ठेवली.

तीच पट्टी म्हणजे मी. आज मी शिलाईच्या डब्यात राहतो. शर्टाची कॉलर शिवून उलटवली की तिचे टोक आत दबून बसते. लुईझाबाय मला आत घालतात, हळूच ढकलतात आणि टोक टोकदार बाहेर येते. मथुराच्या ब्लाउजच्या बाह्याही त्यांनी बदलून दिल्या. आता तिचे दोन्ही हात जिथल्या तिथे आहेत, असे ती गावभर सांगते.

मित्रांनो, उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. एवढेच म्हणेन, की दारात कोणी आला तर त्याला चहा द्या, नेवऱ्याही द्या. फोनवर आलेला नंबर मात्र कोणालाही देऊ नका, एकदाही नाही. आणि कधी फसलाच, तर लाजून घरात बसू नका. बाहेर येऊन सांगा. लुईझाबायचे नाव वाचवायला आख्खा टेंपो भरून माणसे आली होती, आणि ती आधीही आली असती, फक्त त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तुमच्या शाळेच्या शर्टाची कॉलर कधी नीट पाहा. टोक सरळ उभे असेल आणि शर्ट आचऱ्यात शिवलेला असेल, तर त्या टोकापर्यंत लुईझा फर्नांडिस हे नाव जाऊन आलेले आहे. आणि लुईझाबाय म्हणाल्या होत्या तेच खरे. ते धुतल्याने जाणार नाही.