भय्यासाहेबांची लाइन

“डू यू वॉन्ट टू कंटिन्यू?” भय्यासाहेबांनी नाकातून विचारलं.

नीलकंठरावांनी ‘वाय’चं बटण दाबलं आणि चहाचा कप तोंडाला लावला. चहा केव्हाच निवून गेला होता. तो त्यांनी तसाच संपवला. गरम काय नि गार काय, हल्ली त्यांना सगळं सारखंच लागत होतं.

“बाबा, अजून हे करूनच राहिले का तुम्ही?” दारातून विनता म्हणाली. ही त्यांची एकुलती एक लेक. सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला. दर रविवारी स्कूटीवरून भाजी-पोळी घेऊन खमरियाच्या फॅक्टरीजवळच्या या घरी यायची. “आई चैत्रात गेली. आता दिवाळी आली तोंडावर. कोणासाठी अपडेट करता?”

“आलं होतं, म्हणून करून टाकलं.”

“अच्छा. नि जेवले काय?”

“जेवलो असंन.”

असंन म्हणे! आपण जेवलो की नाही हे माणसाला आठवू नये? पण चैत्रापासून त्यांचं हे असंच चाललं होतं. बायको गेली तेव्हा ते रडले नाहीत. घाटावर नाहीत, तेराव्याला नाहीत. लोक म्हणाले, खंबीर आहे माणूस. कसला खंबीर नि कसलं काय! दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल जसा होतो, तसं त्यांचं आतलं सगळं बधिर होऊन बसलं होतं.

आता हे भय्यासाहेब कोण, ते सांगितलं पाहिजे. कॉम्प्युटरशेजारी ठेवलेला राखाडी पत्र्याचा एक डबा, एवढाच त्यांचा देह. पडद्यावर जे काही उमटेल ते हा डबा इंग्रजीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. अंजनीबाईंचे डोळे लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेले होते. केंद्र सरकारच्या एका कचेरीत त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर हट्टानं कॉम्प्युटर शिकल्या. नागपूरच्या एका संस्थेकडून हा जुना डबा मिळाला, तेव्हा त्याचं पहिलंच वाक्य ऐकून त्या पोट धरून हसल्या. “अगं बाई, हे तर आमचे भय्यासाहेब! हुबेहूब!” भय्यासाहेब म्हणजे त्यांच्या एक्स्चेंजचे जुने सुपरवायझर. नाकात बोलायचे, आणि आग लागली तरी घाई करायचे नाहीत. डब्याला ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

वाचून दाखवणारे नवे प्रोग्राम पुष्कळ होते. पण मशीन पूर्ण चालू झाल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. हा डबा थेट मशीन चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रोग्रामच्या कर्नलशी, म्हणजे त्याच्या अगदी गाभ्याशी, बोलायचा. बटण दाबलं की पहिल्या ओळीपासून सुरू. मशीन अडलं तर कुठे अडलं तेही सांगून मोकळा. “सगळं ठीक झाल्यावर काय, कोणीही बोलते जी,” अंजनीबाई म्हणायच्या.

एकदा मात्र एका मोठ्या अपडेटनंतर भय्यासाहेबांची वाचाच बसली. अंजनीबाई मांडीवर हात ठेवून नुसत्या खुर्चीत बसून राहायला लागल्या. नीलकंठरावांना ते पाहवेना. शेवटी डिक्शनरी उघडून, डोकं खाजवत, त्यांनी परदेशी मेल लिहिली. कर्नलमधला या डब्याचा भाग फुकटात सांभाळणारा इल्का नावाचा माणूस फिनलंडला राहायचा. त्याचं उत्तर आलं. चूक आमचीच आहे, दुरुस्त करतो, पण ती वर्षभर कच्च्या शाखेत, म्हणजे सगळ्यांना द्यायच्या आधी तपासायला ठेवलेल्या प्रतीत, पडून होती. तिथे हा डबा वापरणारं कोणीच नाही, मग कळणार कसं?

नीलकंठरावांना हे लगेच पटलं. त्यांची सगळी नोकरी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणीवर गेली होती. प्रत्येक खेपेतले थोडे नग आधी वाजवून पाहायचे, मगच खेप पुढे सोडायची.

“म्हणजे आपल्याले कच्चा मालच घ्या लागते,” ते बायकोला म्हणाले. “बिघडला तर आपल्या घरी बिघडंल, नि आपण सांगू.”

तेव्हापासून रविवारचा नेम ठरला. चहा झाला की कच्च्या शाखेत जे काही नवं आलं असेल ते उतरवून घ्यायचं. कर्नल नवा असला तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं. अंजनीबाई कान देऊन बसायच्या आणि डबा बोलला की लहान पोरीसारखी टाळी वाजवायच्या. अडखळला तर त्या तक्रार सांगायच्या, हे टाइप करायचे. खाली नाव अंजनीबाईंचं. इल्का त्यांना ‘अंजनी-जी’ लिहायचा. कुठून शिकला होता कोण जाणे.

“बाबा, ही मेल काहून उघडी ठेवली?” विनता पडद्याकडे पाहत होती.

मेल इल्काची होती, आणि दुसऱ्यांदा आलेली होती. हा डबा आता कुठेच तयार होत नाही. तो वापरणाऱ्या म्हणून मला फक्त अंजनी-जी माहीत आहेत. त्या वापरत असतील तर हा भाग मी सांभाळत राहीन, एका माणसासाठीसुद्धा. कोणी वापरत नसेल तर पुढच्या कर्नलमधून तो काढून टाकू. कृपा करून कळवा.

विनतानं पुन्हा एकदा वाचलं. “काढून टाकला तर?”

“तर डबा बोलणार नाही.”

“बिलकुल नाही?”

“नव्या कर्नलवर नाही.”

आत्तापर्यंत बापाला रागावणारी विनता आईच्या खुर्चीत मटकन बसली. “हाँ लिख दो ना बाबा. कोण पाहायला येऊन राहिलं तिथून? आईच्या नावानं एक ‘यस’ टाका, बस.” मग म्हणाली, “मी फाटकातून आत येते नि हा आवाज ऐकते ना, तर वाटते आई आत आहे. थोडी देर तो लगता है.”

नीलकंठरावांनी अर्धवट राहिलेलं उत्तर उघडलं. ‘यस’ त्यांनी पहिली मेल आली तेव्हाच लिहून ठेवला होता. एवढा एक शब्द गेला असता तर भय्यासाहेब राहिले असते, रविवार राहिला असता. रविवार सोडून त्यांच्याजवळ आता होतं तरी काय? पण पाठवायच्या बटणावर बोट गेलं की तिथेच थिजत होतं.

याला कारण अंजनीबाईच. जुन्या बोर्डावर दोऱ्या खोचून फोन जोडायचे ते दिवस. लाइनवर शांत वाटलं की ऑपरेटरनं मध्ये शिरून विचारायचं, “बात हो रही है?” अंजनीबाई तीनदा विचारायच्या. उत्तर नाही आलं की दोरी उपटायच्या. लग्न नवं होतं तेव्हा नीलकंठरावांनी फॅक्टरीतून त्यांना फोन लावला आणि लाजून तोंडच उघडलं नाही. बाईंनी तीनदा विचारलं आणि खुशाल दोरी उपटली! संध्याकाळी नवरोजी रुसून बसले.

“तर मग बोलले काहून नाही?” त्या म्हणाल्या होत्या. “रिकामी लाइन धरून ठेवायची नसते जी. मागं कोणाचं बाळंतपण अडलं असते, कोणाचा बाप दवाखान्यात असते.”

नीलकंठरावांनी कप खाली ठेवला.

“बात हो रही है?” ते हळूच म्हणाले.

विनता दचकली. पण तिला कळलं. ती याच आईच्या हाताखाली वाढलेली होती.

“बात हो रही है?” त्यांनी पुन्हा विचारलं. कचेरीतल्यासारखं, सरळ आवाजात. मग तिसऱ्यांदा विचारलं. बाहेर फॅक्टरीची बस वळली आणि गेली. घरात कोणीच काही बोललं नाही. विनता तोंडावर ओढणी धरून बसली होती.

नीलकंठरावांनी ‘यस’ पुसला. इंग्रजी त्यांना अजूनही जड जायचं, म्हणून बारकीच वाक्यं लिहिली. अंजनी चैत्रात गेल्या. आता कोणी वापरत नाही. लाइन मोकळी करा. तुमचे फार आभार. खाली पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतक्या महिन्यांत काही वाटलं ते हेच पहिलं.

“चलो, वाढ आता,” ते विनताला म्हणाले. “मी काही जेवलो नाही सकाळपासून.”

संक्रांतीच्या आसपास नवा कर्नल आला. जुना ठेवून त्याच्यावरच बसता आलं असतं. मशीन सुरू होताना दोन्ही नावं समोर येतात, हवा तो निवडा. विनतानंही तेच सुचवलं.

“कच्ची शाखा चालवायची नि जुन्यावर बसायचं?” नीलकंठराव म्हणाले. “तुझ्या आईनं फाडून खाल्लं असतं मला.”

त्यांनी नवा निवडला. डब्याचा हिरवा दिवा लागला. पडद्यावर ओळी धावू लागल्या, एकामागून एक, खालून वर. आवाज नाही. स्वयंपाकघरात विनताचा हात कणकेतच थांबला. आतापर्यंत बोलायला हवं होतं. बोललं नाही.

नीलकंठरावांनी घसा खाकरला.

“लिनक्स व्हर्जन,” ते म्हणाले. पुढचा आकडा निसटला. ओळी भराभर वर जात होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सापडेल ती ओळ पकडली. “मेमरी... ओके. डिस्क... डिस्क बी ओके.” खुर्ची रिकामी होती, तरी तोंड त्यांनी तिच्याकडे थोडं वळवलं होतं. काही शब्द चुकले, काही गाळले, पण वाचणं त्यांनी मध्ये सोडलं नाही.

ओळी थांबल्या.

“लॉगिन,” त्यांनी शेवटचं वाचलं. बाईंना चाचपडत हात कीबोर्डवर आणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ते थांबले. मग खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं अंजनीबाईंचं नाव टाइप केलं.