मद्दीच्या आख्यानाला कोणता कॅमेरा?

यंदा चिठ्ठीत आमच्या घराच्या वाट्याला मद्दीचं आख्यान आलं! वेस्संतर म्हणजे मागच्या जन्मीचे बुद्ध; त्यांच्या कथेचे तेरा अध्याय गावातली घरं वाटून घेतात. ज्याला जो येईल त्यानं त्या अध्यायाचं दान करायचं, गाणाऱ्या भंतेंचा मान राखायचा. वेस्संतराची बायको मद्दी, तिच्या अध्यायासाठी तर सगळेच देव पाण्यात घालून बसलेले असतात. रानातून फळं घेऊन परतणारी आई, वाटेत आडवे बसलेले वाघ-सिंह, आणि झोपडीत लेकरं नाहीत, बापानं दान करून टाकलेली... मी दरवर्षी खांद्यावरचं वस्त्र भिजवूनच घरी येते. त्यात यंदा गाणार होते आचान सुपोन, आचान म्हणजे गुरुजी! त्यांच्या आवाजाचं कौतुक रोय-एत शहरापासून नदीकाठापर्यंत लोकांच्या तोंडी.

मी धावत जाऊन आईला सांगितलं. तिचे कान गेल्याला बरीच वर्षं झाली. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते. पण विहारात धर्मासन उंच, बायका बसणार खाली आणि लांब. तिथून ओठ कुठले दिसायला? ती बिचारी हात जोडून पाठ असलेला अध्याय ओठांतल्या ओठांत म्हणत बसते.

"आपल्या घरचा अध्याय," ती म्हणाली, "आणि मी तो नुसता आठवायचा होय गं?"

तिथंच ठरवलं, भंतेंचा चेहरा अध्यायभर टिपायचा आणि घरी टीव्हीवर आईला दाखवायचा. विहाराच्या मंडळींनी धर्मासनाजवळ एकच कॅमेरा चालेल म्हणून सांगितलं.

धाकट्या बहिणीचा, चानपेंगचा, बाजारात फोटो स्टुडिओ आहे. तिनं आपला नवाकोरा फोटोचा कॅमेरा काढून माझ्या हातात ठेवला.

"ताई, व्हिडिओ यावरच घे. लग्नं यावरच काढते मी. भंतेंची पापणी न् पापणी दिसेल."

"आणि तो फळीवरचा?"

"तो शूटिंगचा? चित्र बघ त्याचं, शिळ्या भातासारखं! तो मी विकायला काढलाय."

"पण तुझा हा अर्ध्या तासानं आपोआप थांबतो ना?"

"मग थांबू दे की. आईला विचार. मद्दीचा अध्याय तेवढ्यात वाचून होतो."

आईनंही ताडपत्रांचा हिशेब मनात करून मान हलवली. मलाही पटलं. जन्मभर आख्यानं ऐकलेल्या आम्ही तिघी, आणि पानांवरून वेळ मोजत होतो!

तरी म्हटलं, एकदा करून बघू. चानपेंगचा नवरा वितून याला स्टुलावर बसवलं आणि गायला लावलं. आधी फोटोच्या कॅमेऱ्यावर, मग शूटिंगच्या. दोन्ही आईला टीव्हीवर दाखवले. पहिल्यात रंग असे की बघत राहावं. पण वितून गाताना डुलतो. तो जरा पुढे झुकला की कान स्पष्ट आणि तोंड धुक्यात.

"याच्या ओठांना नारळाचं दूध फासलंय का?" आई ओरडली.

दुसऱ्यात रंग फिके, पण चेहरा ओढून पडदाभर केलेला आणि हलला तरी तसाच स्वच्छ. आई लगेच म्हणाली, "शब्द गिळतोय मेला!"

"पण आई, पहिल्याचं रूप तरी बघ!"

"मला जावई पसंत करायचा नाहीये. शब्द बघायचेत!"

वितून रुसून उठला, चानपेंगनं तोंड फुगवलं, आणि शूटिंगचा कॅमेरा पक्का झाला.

आख्यानाचा दिवस! ध्वज फडफडताहेत, उदबत्त्यांचा धूर, माणसाला माणूस चिकटलेला. आई मागं बायकांत, आणि मी सगळ्यांत पुढे, अगदी समोर जागा धरलेली. आचान सुपोन धर्मासनावर बसले, आवाज लावला, आणि ताडपत्र धरलं ते नेमकं तोंडासमोर! कॅमेरा पट्ट्यात हात घालून धरलेला, म्हणून चित्रण चालू ठेवूनच गुडघ्यांवर सरकत बाजूच्या खांबाकडे गेले. तिथं डोक्यावर मोठी घंटा टांगलेली, पण ओठ दिसले! बटण दाबून चेहरा जवळ ओढला.

आख्यान रंगलं. कुणी दान ठेवलं की भंते त्याचं नाव गुंफून दोन कडवी जास्तीची गात. ही कडवी कुठल्या ताडपत्रात असतात? अर्धा तास सरला, तेव्हा मद्दी अजून रानातच होती.

"ताई," चानपेंग कानाशी पुटपुटली, "माझा आत्ता बंद पडला असता गं." आणि तिनं माझं कोपर दोन्ही हातांनी तोलून धरलं, थेट शेवटपर्यंत.

शेवटी तर भंतेंनी ताडपत्र बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून गायले. त्याच वेळी डोक्यावर घंटा घणघणली, लोक "साधु! साधु!" करून उठले. ते काय गायले, आम्हा दोघींना एक अक्षर ऐकू आलं नाही.

घरी येऊन थेट टीव्ही लावला. आई पाय पोटाशी घेऊन समोर बसली. पडद्यावरचे ओठ आणि तिचे ओठ एकत्र हलू लागले. वाघ-सिंह आडवे आले तशी ती रडली, मद्दी लेकरांना हाका मारू लागली तशी हुंदके देऊन रडली. मीही रडले. मग अचानक तिचे ओठ थांबले.

"हे ताडपत्रात नाही."

"काय नाही, आई?"

"गप्प बसा! मला ऐकू द्या!"

ती पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकली आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागली. "खामपोंग... खामपोंगआईचे कान मिटले... पण मद्दी तिच्या ओठांवर जागी आहे..." तिनं वळून आमच्याकडे पाहिलं. "माझं नाव घेतोय! आचान सुपोन माझं नाव गातोय गं!"

आईनं हात जोडून कपाळाला लावले आणि "साधु!" अशी काही ओरडली, की शेजारच्या कोंबड्या पंख झाडत पळाल्या.

मग डोळे पुसून म्हणाली, "परत लाव. पुढं माझे केस पांढरे झाले असं काहीतरी म्हणाला वाटतं. नीट बघू दे. तेवढे काही झालेले नाहीत!"